वाणिज्य शिक्षण आणि दुकानाची पायरी

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला व्यवहारज्ञान असते, असा एक समज समाजात रूढ आहे. पतपेढीचे पासबुक जुळेना, लग्नाच्या खर्चाचा मेळ लागेना, की 'तू कॉमर्सची ना, मग बघ जरा' असे म्हणून घरातली मंडळी कागद आपल्या हाती देतात. आपण तो उलटसुलट करून पाहतो. तीन वर्षांत आपण शेकडो नोंदी केलेल्या असतात, ताळेबंद जुळवलेले असतात, भागीदार मरण पावल्यावर त्याच्या वारसांना किती रक्कम द्यावी हेही काढलेले असते. पण खरी पावती हातात आली की ती कोणत्या खात्याची, हे चटकन सांगता येत नाही. असे का व्हावे, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करते. पहिल्या वर्षापासून मी रविवार पेठेतील एका घाऊक दुकानात सायंकाळी हिशेबाचे काम करते. दुकान मिरची, गूळ आणि कडधान्यांचे. वडील वडगावात यंत्रमागावर आहेत आणि मागाला काम नसलेले महिने अलीकडे वाढत चालले आहेत. तेव्हा 'अनुभव घ्यावा' अशा उदात्त हेतूने मी तेथे गेले नाही, पगारासाठी गेले. अनुभवाचे महत्त्व सांगणारे लेख बहुधा ज्यांना अनुभवावाचून चालते अशांनीच लिहिलेले असतात, म्हणून हे आधी सांगितले.

आता मुद्द्याकडे वळू. आपल्या पुस्तकातील उदाहरणे कशी असतात ते आठवा. 'एक एप्रिल रोजी रमेशला ५,००० रुपयांचा माल उधारीने विकला.' आपण लगेच रमेशचे खाते नावे आणि विक्री खाते जमा करून मोकळे होतो. या एका वाक्यात किती गोष्टी आपल्याला आयत्या मिळाल्या, इकडे आपले लक्ष जात नाही. माल घेणारा रमेशच, हे कोणी तरी ठरवून दिले. रक्कम ठरवून दिली. तारीख दिली. व्यवहार उधारीचा आहे हेही दिले. अर्धे काम पुस्तकाच्या लेखकाने केलेले असते. उरलेले अर्धे आपण करतो आणि त्याला हिशेबशास्त्र म्हणतो.

दुकानात असे वाक्य कधीच येत नाही. तेथे येते ती चिठ्ठी. उदाहरणार्थ, 'खानापूर, मिरची २, जुने राहू दे.' हमाल ती गल्ल्यावर ठेवून निघून जातो. आता खानापूरचे गिऱ्हाईक तीन. त्यांपैकी कोणते, ते अक्षरावरून ओळखायचे. दोन म्हणजे दोन पोती. पण पोत्याचे वजन काट्यावरच्या पावतीत बारदानासह आहे, ते वजा करायचे. दर सकाळचा की दुपारचा, हे सावकारांना विचारायचे, कारण मिरचीचा दर जेवणाच्या सुट्टीतही हलतो. हमाली आपली की त्यांची, हे गिऱ्हाइकागणिक ठरलेले. आणि 'जुने राहू दे' याचा अर्थ मागची बाकी आज मागू नये, असा. एवढे सगळे उलगडल्यावर कोठे पुस्तकातले ते वाक्य तयार होते. त्यापुढची नोंद संगणकावरचा टॅली करतो आणि ती जवळजवळ कधी चुकत नाही. चूक होते ती वाक्य तयार करताना.

माझ्या मते प्रत्यक्ष कामाचे खरे मोल येथे आहे. नोकरीची सवय लागते, वेळ पाळायला शिकतो, चार माणसांत बोलता येते, हे सर्व लाभ खरेच आहेत. पण ते टपाल कचेरीतही होतील. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला दुकानात मिळते ती वेगळी गोष्ट: व्यवहार ओळखण्याची. आणि परीक्षेत नेमकी तिलाच जागा नाही.

आपल्या सीमाभागात तर हे ओळखणे आणखी गमतीचे होऊन बसले आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हापासून राज्याच्या आत विक्री झाली तर कराचे दोन भाग होतात, केंद्राचा आणि राज्याचा. माल दुसऱ्या राज्यात गेला तर एकात्मिक कर एकाच खान्यात लागतो. सुक्या मिरचीवर कर पाच टक्के. चाळीस हजारांची मिरची खानापूरला गेली की एक हजार केंद्राचे आणि एक हजार कर्नाटकाचे. तीच मिरची चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला गेली की दोन हजार एकात्मिक करात. शिनोळी बेळगावहून सायकलीने जाता येईल इतकी जवळ. बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर. पण वहीच्या दृष्टीने बेंगळुरू घरचे आणि शिनोळी परराज्य! जी सीमा आपण सभांतून आणि वर्तमानपत्रांतून ऐकत मोठे झालो, ती दररोज सायंकाळी माझ्या वहीतल्या दोन खान्यांच्या मधून जाते. कर चुकीच्या खान्यात भरला, तर बरोबर खान्यात तो नव्याने भरावा लागतो आणि आधीचा परत मागावा लागतो. सावकारांचे तेवढे पैसे तोवर अडकून पडतात.

पुस्तकात हा नियम एका परिच्छेदात आहे आणि तो अचूक आहे. वर्गात मी तो पाठही केला होता. पण शिनोळीचा गिऱ्हाईक स्वतःचा टेंपो घेऊन दारात उभा राहतो, त्याचा करक्रमांक महाराष्ट्राचा, माल बेळगावात ताब्यात घेतो, आणि 'तुमचाच कर लावा हो, सोपे पडते' म्हणतो. तेव्हा माल ताब्यात कोठे घेतला हे न पाहता तो शेवटी कोठे जाऊन थांबणार हे पाहायचे, म्हणून एकात्मिक कर. हे त्या परिच्छेदातच लिहिले होते. पण तेथे टेंपो नव्हता, म्हणून त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसरे उदाहरण बँकेच्या जुळवणीचे घेते. बँक मेळपत्रकाच्या प्रकरणात आपण शिकतो की, धनादेश दिला पण वटला नाही, बँकेने व्याज जमा केले पण आपण लिहिले नाही, वगैरे. ही कारणे आजही आहेत, नाही असे नाही. पण माझ्या दुकानात दिवसाला जे तीस-चाळीस भरणे मोबाईलवरून येतात, त्यांत निराळीच अडचण असते. पैसे आलेले असतात, ते कोणाचे हे माहीत नसते. खाते काकतीच्या दुकानदाराचे. पैसे पाठवलेले त्यांच्या जावयाच्या फोनवरून. बँकेच्या पत्रकात नाव जावयाचे, तेही इंग्रजीत अर्धे तुटलेले. रक्कम बाकीशी जुळेल म्हणावे तर 'राउंड' करून पाठवलेली. हे पैसे ओळखले जाईपर्यंत उचंत खात्यात ठेवावे लागतात. उचंत खाते म्हणजे तेरीज जुळत नसली की फरक टाकायची जागा, अशीच वर्गात आपली समजूत होते. दुकानात ते रोज भरते आणि रोज रिकामे करावे लागते, आणि ते रिकामे करणे म्हणजे वीस फोन.

हे फोन दोन भाषांतून होतात. मी मराठी शाळेत शिकले, घरी मराठी, महाविद्यालयात वाणिज्याचे विषय इंग्रजीत, आणि दुकानात सावकार कन्नड तर दिवाणजी मराठी. येथे एक गोष्ट ध्यानात आली. महाविद्यालयात इंग्रजी शब्दांनी अडखळणारी मी दुकानात फारशी अडखळले नाही. कारण पेठेचे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहेत. आपण उधारी म्हणतो, कन्नडमध्ये उद्री. रोख तिकडेही रोख. बाकी तीच, जमा तेच, खाते तेच. दोनच भाषा आणि एकच वही. फसगत होते ती दुसरीकडेच. मराठीत सावकार म्हटले की व्याजाने पैसे देणारा डोळ्यांपुढे येतो. आमच्या भागातल्या कन्नडमध्ये कोणत्याही व्यापाऱ्याला आदराने सावकार म्हणतात. आणि आमचे सावकार मला 'तंगी' म्हणून हाक मारतात. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. पहिल्या महिन्यात पगाराच्या दिवशी त्यांनी 'तंगी!' म्हणून हाक मारली, तेव्हा माझ्या मराठी कानांना काय वाटले असेल, हे वाणिज्याच्या वाचकांस सांगायला नको.

दिवाणजींविषयी थोडे लिहिले पाहिजे. टॅली असूनही ते लाल कापडात बांधलेली कीर्द स्वतंत्र लिहितात. त्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते. आपल्याला शिकवतात ती इंग्रजी पद्धत याच्या नेमकी उलट: नावे डावीकडे, जमा उजवीकडे. प्रथम दिवाणजींची वही पाहून डोके गरगरले. मग विचारले, 'काका, ही बाजू अशी का?' ते म्हणाले, 'बाळ, पैसे ज्याच्याकडून आले त्याचे नाव आधी लिहावे. आपण देणेकरी आहोत हे आधी दिसले पाहिजे.' बाजू कोणतीही असो, एकाच्या जमेला दुसऱ्याचे नावे असणार, हे तत्त्व दोन्हींकडे तेच. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची जी दुनोंदी पद्धत लिहून काढली, ती तेथील व्यापारी आधीपासून वापरतच होते. त्याने ती शोधून काढली नव्हती. म्हणजे आपल्या शास्त्राचा पहिला छापील ग्रंथ हाही एका अर्थी दुकानात पाहून लिहिलेला आहे. प्राध्यापक मंडळींनी हे वर्गात सांगावे, अशी माझी सूचना आहे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की, ही मुलगी पुस्तके बाजूला ठेवायला सांगते आहे. तसे मुळीच नाही. उलट, केवळ अनुभवावर चालणाऱ्या माणसाला काय दिसत नाही, तेही मी त्याच दुकानात पाहिले.

बेळगावच्या पावसात गूळ टिकत नाही. ढेपेला पाणी सुटते, पोते ओलसर होते, वजन घटते. दिवाणजींचे म्हणणे, 'दर पावसाळ्यात इतके जायचेच.' हे त्यांचे तीस वर्षांचे ज्ञान आणि ते खरे होते. पण आपल्या प्रेषण खात्याच्या प्रकरणात सर्वसाधारण तूट आणि असाधारण तूट असा भेद केलेला आहे. जी तूट मालाच्या स्वभावानेच होते, तिचा भार उरलेल्या मालाच्या किमतीवर पडतो. जी निष्काळजीपणाने किंवा अपघाताने होते, ती वेगळी काढून नफातोटा खात्यात दाखवायची. मी एक कोष्टक केले. एक हजार किलो गूळ पन्नास रुपये दराने घेतला तर किंमत पन्नास हजार. चाळीस किलो स्वभावाने घटला, तर उरलेल्या नऊशे साठ किलोंची खरेदी पडली किलोला ५२ रुपये ८ पैसे. म्हणजे बावन्न रुपयांना विकला, तर 'दोन रुपये सुटले' असे वाटते आणि प्रत्यक्षात किलोमागे आठ पैसे घरचे जातात. सावकारांनी हे कोष्टक दोनदा पाहिले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा दर मात्र बदललेला होता.

पुढचे अधिक महत्त्वाचे. 'इतके जायचेच' या वाक्यात दोन्ही तुटी एकत्र होत्या. मी गुळाच्या खेपा जागेनुसार वेगळ्या लिहू लागले, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खेपेची घट इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली. भिंत झिरपत होती. ती तूट गुळाच्या स्वभावाची नव्हती, भिंतीच्या स्वभावाची होती. पुढच्या पावसाळ्यापूर्वी तेथे लाकडी फळ्यांचा माच आला. दिवाणजी रोज त्याच भिंतीजवळून जात. पण भेद करायला लावणारा शब्द त्यांच्याजवळ नव्हता आणि माझ्याजवळ होता. तो शब्द मला वर्गात मिळाला, याबद्दल मी त्या विषयाच्या सरांची ऋणी आहे. वर्गात नुसता शब्द असतो, दुकानात नुसता गूळ असतो.

उलट दिशेचेही एक उदाहरण देते, म्हणजे तराजू समतोल राहील. येणी वसुलीचा सरासरी काळ आपण सूत्राने काढतो. आमच्या दुकानाचा मी काढला. आकडा आला, पण तो वर्षातल्या कोणत्याच महिन्याला लागू पडेना. कारण हा उसाचा जिल्हा. खेड्यातले दुकानदार आमचे पैसे देणार ते त्यांची गिऱ्हाइके देतील तेव्हा, आणि ती देणार कारखान्याचे बिल आल्यावर. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्याप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. प्रत्यक्षात ते किती दिवसांनी येतात, हे या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ठाऊक असेल. म्हणून आमचे सावकार फोनवर 'पैसे कधी देता' असे कधी विचारत नाहीत. 'तुमच्याकडे तोड आली का' असे विचारतात. तोड कधी आली हे कळले की पैसे कधी येणार हे त्यांना कळते. सरासरी काढण्यात गैर काही नाही. मात्र तिच्या पोटात गळीत हंगाम दडलेला आहे, हे सूत्र सांगत नाही.

असो. शिक्षणाला कामाची जोड द्यावी, हा विचार काही नवा नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. चंदगडकडच्या माझ्या मामेभावंडांच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास असे. त्यात मेणबत्त्या होत आणि खडू होत, आणि वर्षअखेरीस शाळेच्या टेबलावर त्यांचे प्रदर्शन भरे. मेणबत्तीला मेण किती लागले, ती केवढ्याला पडली आणि कोणी विकत घेतली, हे मात्र कोणी विचारीत नसे. एका चांगल्या शब्दाचे असे झाले.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या सत्तावीस विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. व्यवसाय शिक्षणात हार्वर्डची वाट निराळी. तेथील शाळा १९०८ ची. १९१९ मध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले वॉलेस डॉनहॅम तिचे प्रमुख झाले आणि कायद्याच्या वर्गात जसे खटले अभ्यासतात, तसे धंद्यातील खरे प्रसंग वर्गात आणावेत, असे त्यांनी ठरवले. हीच ती केस पद्धत. आपल्याकडे १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली, तेव्हा ती इकडे आली. केस वाचणे हे नुसत्या व्याख्येपेक्षा पुष्कळच बरे. पण केसमध्येही कोणी तरी प्रसंग निवडून, आकडे नीट मांडून, वीस पानांत बांधून दिलेला असतो. चिठ्ठी वाचण्याचे काम तेथेही दुसऱ्यानेच केलेले असते. खुद्द हार्वर्डलाही हे उणे जाणवले असावे, कारण २०११ पासून त्यांनी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संस्थांकडे कामाला पाठवण्याचा अभ्यासक्रम केस पद्धतीच्या जोडीला ठेवला.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे हेन्री मिंट्सबर्ग याहून कडक बोलतात. 'मॅनेजर्स नॉट एमबीएज' या २००४ च्या पुस्तकात त्यांचे म्हणणे असे की, ज्याने कधी कारभार केलाच नाही त्याला वर्गात बसवून कारभारी करता येत नाही. नोकरीत असलेल्यांनाच आपापले अनुभव घेऊन वर्गात बोलवावे. तसा अभ्यासक्रम त्यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये सुरू केला, आणि त्यात आपल्या राज्यातील बेंगळुरूची व्यवस्थापन संस्थाही भागीदार होती. मला त्यांचे म्हणणे निम्मे पटते. पटत नाही ते एवढ्यासाठी की, वीस वर्षांच्या मुलीला दुकान सांभाळता येणार नसले तरी चिठ्ठी वाचता येते.

आपल्याकडे या बाबतीत सर्वांत जुनी आणि अजून टिकून असलेली सोय म्हणजे सनदी लेखापालांची आर्टिकलशिप. १९४९ च्या कायद्याने त्यांची संस्था झाली, आणि कार्यालयात उमेदवारी केल्याशिवाय तेथे सनद मिळत नाही. ही उमेदवारी बरीच वर्षे तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. उमेदवार भर उन्हात गोदामात पोती मोजतात, थट्टेचा विषय होतात, तुटपुंजे विद्यावेतन घेतात. पण हिशेबातली पोती आणि गोदामातली पोती या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळते.

पदवीच्या पातळीवरही आता हालचाल झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात इंटर्नशिपला श्रेयांक दिले आहेत. कागदावर हे उत्तमच आहे. भीती वाटते ती कार्यानुभवाच्या मेणबत्तीची. माझ्या परिचयाच्या एकीने दुसऱ्या एका गावी आपल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र एका दिवसात मिळवले; ओळखीच्या कचेरीत गेली, चहा झाला, शिक्का बसला. तिला चांगले गुण पडले. तिच्याच वर्गातला एक मुलगा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर हिशेब देतो, म्हणजे प्रत्येक पाळीला मीटरचे आकडे, तेलाची घट, रोख, कार्ड आणि मोबाईलचे पैसे यांचा मेळ घालतो. तो पहिल्या तासाला पोचू शकत नाही म्हणून त्याची उपस्थिती कमी पडली आणि परीक्षेला बसण्यासाठी त्याला अर्जविनंत्या कराव्या लागल्या. त्याचे काम 'इंटर्नशिप' नव्हते, कारण त्याला पगार मिळत होता! या व्यवस्थेत काही तरी उलटे लिहिले गेले आहे, जमेच्या जागी नावे पडावे तसे.

एका प्राध्यापकांशी या विषयावर बोलले, तेव्हा त्यांनी दोन आक्षेप घेतले. ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, पदवी ही एका दुकानाची तालीम नव्हे. मिरचीच्या दुकानात शिकलेली मुलगी उद्या विमा कंपनीत गेली तर काय करणार? याचे माझे उत्तर असे: मिरची उपयोगी पडणार नाही हे कबूल, पण समोर आलेल्या कागदातून व्यवहार शोधायचा असतो, ही सवय विम्याच्या दाव्यालाही लागू पडेल. दुसरा आक्षेप असा की, अनुभवाच्या नावाखाली व्यापाऱ्यांना फुकटचे हात मिळतील आणि विद्यार्थी वर्षभर झेरॉक्स काढत बसतील. याला माझ्याजवळ उत्तर नाही, कारण तसे सर्रास होते. म्हणूनच बिनपगारी काम सक्तीचे करू नये असे मला वाटते. ज्याच्या घरी चूल पगारावर पेटते, त्याला दोन महिने फुकट काम करा म्हणणे म्हणजे श्रेयांक श्रीमंतांसाठी राखून ठेवणे होय.

मग काय करावे? मला सुचते ते असे. प्रमाणपत्र मागूच नये, वही मागावी. विद्यार्थ्याने सहा महिने दर आठवड्याला एक खरा व्यवहार लिहावा: हाती कोणता कागद आला, त्यावर काय लिहिले होते, काय लिहिलेले नव्हते, ते कोणाला विचारून कळले, नोंद काय झाली, आणि पुस्तकातले कोणते प्रकरण त्याला लागले किंवा लागले नाही. गिऱ्हाइकांची नावे आणि दर बदलून लिहावेत. पेठेत विश्वास जातो तो परत येत नाही. मग परीक्षकांनी वही उघडून कोठलेही एक पान काढावे आणि वीस मिनिटे प्रश्न विचारावेत. ज्याने काम केले नाही, त्याला तिसऱ्या प्रश्नाला घाम फुटेल. शिक्का कोणाचाही लागत नाही.

नोकरी नसलेल्यांची अडचण होणार नाही. आईच्या बचत गटाचे हिशेब आहेत, घरच्या डब्यांचा धंदा आहे, काकांची पिठाची गिरणी आहे. आणि आपल्या गावात गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळे आहेत. पावतीपुस्तके किती छापली, किती वाटली, किती परत आली, स्थळप्रतींची बेरीज आणि जमा रक्कम यांत फरक किती, मांडववाल्याला आगाऊ किती दिले, हे जो एकदा जुळवील, त्याला अंकेक्षणाचे प्रकरण पुन्हा पाठ करावे लागणार नाही. मंडळाचे अध्यक्ष वही दाखवतील की नाही, हा प्रश्न निराळा. तो नकारही वहीत लिहिण्याजोगाच.

आमच्या वर्गातले दहा-बाराजण सायंकाळी किंवा रात्री कामाला जातात: औषधांच्या दुकानात, फाउंड्रीच्या कचेरीत, दुधाच्या संकलन केंद्रावर, एकजण वकिलाकडे. पहिल्या वर्षी त्यांच्याच वह्या तपासून पाहायला हरकत नसावी. फक्त एक विनंती आहे: वही मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिण्याची मुभा असावी. चिठ्ठ्या त्याच भाषांत येतात. त्यांतल्या चार वह्या तरी कन्नडमध्ये असतील, तेव्हा तपासायला कन्नड विभागाचे एक सर लागतील, हे आधीच सांगून ठेवते.